दांडगा फ्लॅश आणि हौसाबाईचा फोटो

कॅमेऱ्यात रोल घालत असत आणि फोटो कसा आला ते चार दिवसांनी कळत असे, तेव्हाची ही गोष्ट. दिगंबर शेलोट्याच्या स्टुडिओत दोन फ्लॅश होते. एक जुना, लहानसा. दुसरा नवा, दांडगा, अख्खी खोली एका क्षणात पांढरी करून टाकणारा.

एके दिवशी हौसाबाई नावाची म्हातारी आली. म्हणाली, "उद्या ऑपरेशन आहे बाबा. लेकीसाठी एक फोटो काढून ठेव. आजवर कधी काढलाच नाही."

दिगंबरने नवा फ्लॅश तिच्या अगदी समोर आणला. कोपऱ्यातून जुना फ्लॅश हळूच त्याला म्हणाला, "उजेड मऊ करणारी ती कापडी छत्री पुढे लावून घे, जोर कमी कर. चेहरा पुसला जाईल तिचा."

"अर्धा उजेड देणाऱ्यातला मी नाही," नवा म्हणाला. दिगंबरने छत्री लावली, तर नव्या फ्लॅशने ती धरलीच नाही. ती खाली पडली. म्हातारी बसून दमली होती. "राहू दे," म्हणत दिगंबरने तसाच फोटो काढला.

हौसाबाई ऑपरेशनमधून उठली नाही. तेराव्यानंतर तिची लेक सरू फोटो न्यायला आली. फोटोत लुगड्याचे काठ होते, मांडीवरची काठी होती. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग होता.

"लुगडं आईचंच आहे," सरू म्हणाली. "पण आई कुठंय?"



"मी तर होता नव्हता तेवढा उजेड दिला," नवा फ्लॅश पुटपुटला.

सरूने फोटो परत केला नाही. आईचा दुसरा फोटो नव्हताच. पदराखाली झाकून ती तो घरी घेऊन गेली.