हळदीच्या आधी सुई

वस्तू बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत, त्या काळची ही गोष्ट. छोट्या धुरपीच्या टाचेत उंबऱ्याचं कुसळ खोल घुसलं. आई रोज हळदीचा लेप लावी आणि हळद गोड बोलून पोरीला निजवी. तिसऱ्या दिवशी टाच टम्म फुगली. धुरपीला पाय टेकवेना.

गोधडीत खोचलेली सुई म्हणाली, “धुरपे, कुसळ आतच आहे. मी काढते.”

“तू टोचशील!”

“टोचणारच. खोटं कशाला बोलू?”

हळद फणकारली, “काळीज आहे का तुला? माझ्यामुळे तिचं रडणं तरी थांबलं.”

“रडणं थांबलं, पण कुसळ कुठे निघालं?” सुई म्हणाली आणि आईकडे वळली. “आधी मला दिव्यावर धर.”

ज्योतीत सुई लालबुंद झाली, पण तिने हूं की चूं केलं नाही. ती निवल्यावर धुरपीने हळूच विचारलं, “भाजलं?”

“भाजलं तर! पण तुझ्या पायात शिरायचं, तर आधी मला हे सोसायलाच हवं.”

धुरपीने डोळे घट्ट मिटले आणि आपणहून पाय आईच्या मांडीवर ठेवला.

कुसळ निघालं. सुई बाजूला सरकली आणि हळदीला म्हणाली, “ये बाई, आता तुझं काम.”