उस्तादांचा अंगठा

“मग उमटवताय ना अंगठा, उस्ताद?” कृष्णातनं तिसऱ्यांदा विचारलं.

ताबूत रंगवता रंगवता म्हातारे झालेल्या ताजुद्दीन उस्तादांचा एक रिवाज होता. शिष्याचं चित्र पसंत पडलं की काजळीत अंगठा बुडवून ते चित्राच्या मागं उमटवायचे. त्या अंगठ्याशिवाय चित्र त्यांच्या उंबऱ्याबाहेर जात नसे.

कृष्णातचं चित्र उद्या नगरपालिकेच्या सभागृहात लागायचं होतं. तसं त्यानं अख्ख्या गावाला आधीच सांगून ठेवलं होतं.

चित्र होतं गावच्या जत्रेच्या रात्रीचं. गॅसबत्त्यांचा उजेड, आकाशपाळणा, तमाशाचा तंबू, जिलेबीची कढई. हात खरोखरच तयार होता पठ्ठ्याचा.

“दोनशे अकरा माणसं आहेत,” कृष्णात म्हणाला. “एकाचाही चेहरा झाकला नाही. जिल्ह्यात कुणाला जमलंय असं?”

“नाही जमलं,” म्हणत उस्तादांनी अंगठा काजळीत बुडवला.

कृष्णातची छाती फुगली.

“पाळण्यातली ही बाई कुठं बघतेय?”

“समोर.”

“तिचं पोर खाली रडतंय की.”

कृष्णातनं वाकून त्या पोराकडं बघितलं.

“आणि हा जिलेबीवाला?”

“तोही समोरच.”

“उकळत्या कढईकडं न बघता? हात भाजंल रे त्याचा.”

“चेहरे दिसायला नकोत का, उस्ताद? माझं सगळं कसब त्यातच आहे!”

“आहे की. आणि समोर कोण उभं होतं?”

“मी.”

उस्ताद पुढं वाकले. चित्राला नाक लावून एकेक चेहरा बघत राहिले... काजळीचा अंगठा तसाच हवेत.

खालच्या कोपऱ्यात एका बैलगाडीशी ते थांबले. सोडलेला बैल पाठ फिरवून कडबा खात होता.

“तो घाईघाईत झालाय,” कृष्णात ओशाळून म्हणाला. “नुसती पाठच आलीय. सकाळी पुसून टाकतो.”

उस्तादांनी चित्र उलटं केलंच नाही. पुढूनच, त्या बैलाच्या पाठीवर, अंगठा टेकवला.

“याला पुसू नकोस. हा एकटाच जत्रेला आलाय.”