नाक आपटणारा टॉर्च

एक होती शेड. माळावरची, मोठ्ठी. शेडमध्ये एक टेबल. टेबलावर एक टॉर्च. उजेडाचा टॉर्च नव्हे हं! निळ्या ज्योतीनं लोखंड कापायचा टॉर्च. आणि टेबलाखाली राहायची चिमी उंदरीण. तिचं एकच पिल्लू, बोंडू.

त्या दिवशी होती खंडेनवमी. सगळ्या हत्यारांची पूजा. शेडवाल्या हैबतमामानं टेबलाला हिरवागार रंग दिला. हत्यारांना कुंकू लावलं. टॉर्चला झेंडूची माळ घातली. नारळ फोडला, फटाक! खोबऱ्याचा तुकडा टेबलाच्या पोटातल्या पाण्याच्या टाकीत पडला. बोंडू गेलं खोबऱ्यामागं. हावरट कुठलं! तेवढ्यात मामानं वर पत्रा ठेवला. धडाम! बोंडू आत. वर पत्रा, खाली पाणी.

मामा मुहूर्ताचा एक काप घ्यायला गेला. टॉर्च खाली आला, खाली आला, थांबलाच नाही. ठण्ण! पत्र्यावर नाक आपटलं.

"आता गं बया! ह्याला काय झालं?" मामा म्हणाला. "जाऊ दे. सणाचं नको. परवा बघू."

शटर खाली. खर्रर्र... धप्प.

भरदुपारी काळोख. शेडमध्ये कुणी नाही. तरी कुणीतरी श्वास घेत होतं. हुस्स... हुस्स...

"आई... चीं!" बोंडू रडलं. टाकीचा नळ ठिबकत होता. टप. टप. पाणी चढत होतं.

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वारा नव्हता. तरी झेंडूची माळ हलली.

"कोण आहे...?"

"मी चिमी. टॉर्चदादा, टॉर्चदादा, भोक पाड ना! बोंडू माझं सुटेना."

टॉर्च म्हणाला, "मुहूर्ताचा काप राहिलाय. मलाही झोप नाही. पण किती खाली जाऊ, कळेना. उंची सांगते डबी. डबी सांगेल, तर मी कापीन."

टप. टप. बोंडूच्या पायाला पाणी.

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. भिंतीवर डबी. डबीला एकच डोळा. हिरवा. मिटेना, हलेना.

"डबीताई, डबीताई, उंची सांग ना! टॉर्च कापेना, भोक पडेना, बोंडू माझं सुटेना."

डबी म्हणाली, "मला वायर काही बोलतच नाही. वायर बोलेल, तर मी सांगीन."

टप. टप. बोंडूच्या पोटाला पाणी.

चिमी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. अंधारात वायर पसरलेली. लांब, काळी, गार.

"वायरआक्का, वायरआक्का, बोल ना! डबी सांगेना, टॉर्च कापेना, भोक पडेना, बोंडू माझं सुटेना."

वायर कुजबुजली, "चिमटा लोखंडाला चावतच नाही. चिमटा चावेल, तर मी बोलेन."

टप. टप. बोंडूच्या गळ्याला पाणी.

चिमी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. टेबलाच्या पायाला चिमटा. दात विचकून बसलेला.

"चिमटेराव, चिमटेराव, चावा ना! वायर बोलेना, डबी सांगेना, टॉर्च कापेना, भोक पडेना, बोंडू माझं सुटेना."

चिमटा म्हणाला, "चावू कसा? मामानं मला रंगावरच लावलंय. दाताखाली रंगच रंग! ब्रश रंग खरवडेल, तर मी चावीन."

टप. टप. बोंडूच्या हनुवटीला पाणी.

चिमी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. कोपऱ्यात तारेचा ब्रश. कपाळाला लाल टिळा.

"ब्रशबुवा, ब्रशबुवा, रंग खरवडा ना! चिमटा चावेना, वायर बोलेना, डबी सांगेना, टॉर्च कापेना, भोक पडेना, बोंडू माझं सुटेना."

ब्रश म्हणाला, "आज माझी पूजा झाली. कुंकू लागलेलं हत्यार आज उठत नाही. ज्याला कुंकू नाही, त्याला बोलव."

चिमीनं वर बघितलं. हातोडीला टिळा. पान्याला टिळा. केरसुणीलासुद्धा टिळा! अंधारात लाल लाल टिळे. सगळे चिमीकडेच बघत होते.

"आई..." बोंडूचा आवाज बारीक झाला. मग आलाच नाही.

"अहो, माझ्या दातांना कुठं लावलंय कुंकू?" चिमी ओरडली. आणि सुटली!

"चिमटेराव, आ करा!"

कुर्तुम कुर्तुम, थू! कुर्तुम कुर्तुम, थू! रंग निघाला. लोखंड चकाकलं. चिमटा चावला, कच्च! वायर बोलली, झुंईं! डबीनं उंची सांगितली, टिक्! टॉर्च खाली आला, खाली आला... आणि थांबला. नाक काही आपटलं नाही.

सूंऽऽऽ! निळा निळा उजेड. भिंतीवर मोठ्ठ्या सावल्या. ठिणग्या पाण्यात, छुस्स! पत्र्याला पडलं गोल गोल भोक. चिमीनं आत शेपटी सोडली. कुणी धरेना. कुणीच धरेना.

मग शेपटीला हिसका बसला.

बोंडू वर आलं! ओलंचिंब, कुडकुडत. चिमीनं त्याला घट्ट घट्ट धरलं. बोंडूनं आईकडं बघितलं, आणि किंचाळलंच.

"आई गं! तुझे दात हिरवे!"

"असू देत रे सोन्या," चिमी म्हणाली. "चल घरी."

चिमीची गोष्ट एवढी, बोंडूची झोप तेवढी.