डॉट चार की डॉट पाच?

कुंभार्ली घाट उतरण्यापूर्वी माजी सभापती बाबासाहेब देवकाते स्वतःच गाडीत ब्रेक ऑइल भरायला सरसावले. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर त्याचा प्रकार ‘डॉट चार’ असा छापला होता; साहेबांनी आणलं होतं ‘डॉट पाच’.

“अहो, ही दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. घाटात ब्रेकच लागला नाही तर?” गाडीत झोपलेल्या नातीकडे बघत इंदुमतीबाई म्हणाल्या.

“चारापेक्षा पाच मोठं! मला शिकवू नकोस.”

त्यांनी बाटलीचं बूच उघडलं. इंदुमतीबाईंनी नवऱ्याचा चष्मा उतरवला आणि आपला त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

“अगं, काही दिसत नाही!”

“असं कसं? तुमचा नंबर दोन, माझा पाच. मोठाच आहे की! उतरवा आता घाट.”

सभापतींनी बूच परत लावलं. आयुष्यात त्यांनी मागे घेतलेला हा पहिलाच ठराव.