शेल्याखालचा हात

पूर्वी गोदेच्या काठी पोतन नगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व घोड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आले होते. नाव नंदिक. दर हिवाळ्यात उत्तरेला जावं, सिंधूपलीकडचे घोडे आणावेत आणि दक्षिणेत विकावेत, हा घरचा धंदा. नंदिकांची ख्याती अशी की घोड्याची खोड ते आपण होऊन आधी सांगत. "हा डाव्या बाजूनं चढू देत नाही." "ही पाण्याला बुजते." गिऱ्हाईक म्हणे, मग घेऊ कशाला? आणि तोच घोडा घेऊन जाई. लपवलेली खोड महिन्याभरानं वैर होऊन परत येते, सांगितलेल्या खोडीची माणसाला सवय होते, असं नंदिक म्हणत.

त्या काळी घोड्याचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, दोघांच्या उजव्या हातांवर एक शेला टाकत, आणि त्याखाली बोटं दाबून सौदा होई. शेल्यापासून दहा पावलांच्या आत तिसऱ्यानं यायचं नाही, मग तो राजाचा जावई का असेना. पिढीजात वैरीसुद्धा शेल्याखाली हात देताना कचरत नसत. बाजार त्यावरच चालत होता.

एका वर्षी उत्तरेच्या राजाचा सेनापती शूरदाम तीस हजार सैन्य घेऊन गोदेच्या पलीकडच्या तीरावर येऊन बसला. भांडण तसं साधं होतं. भद्रसेनानं नदीचा उतार, म्हणजे जिथून तांडे पायी नदी ओलांडत ती जागा, उत्तरेच्या लोकांना बंद केली होती. शूरदामानं आल्या आल्या उताराजवळचं गाव जाळलं. बावीस माणसं गेली. त्यांत नंदिकांचे थोरले भाऊ धनक होते. गोठ्यातले घोडे सोडायला ते आत शिरले. घोडे बाहेर आले, ते आले नाहीत.

तीन महिन्यांनी राजाचे अमात्य पिंगलक यांनी नंदिकांना बोलावून घेतलं. पिंगलक वाईट माणूस नव्हते. वेढा पडल्यापासून त्यांना झोप नव्हती. नदीच्या घाटावर पलीकडून बाण येत, म्हणून नगर विहिरींवरच जगत होतं, आणि नगरातली कोणती विहीर किती खाली गेली ते त्यांना पाठ होतं.

"शूरदामाची घोडी मरताहेत," अमात्य म्हणाले. "त्याला नवी हवीत. व्यापारी कुठलाही चालेल, असा निरोप त्यानं पाठवलाय. तू जा."

"जातो. पण एवढ्यासाठी अमात्य मला स्वतः बोलवायचे नाहीत."

पिंगलकांनी एक अंगठी पुढे ठेवली. तळहाताकडच्या बाजूला विष माखलेला बारीक काटा, काट्यावर मेणाची टोपी. "हा माणूस अन्न चाखवून खातो, चिलखत घालून झोपतो. पण घोडा घ्यायचा तर शेल्याखाली हात द्यावाच लागतो. टोपी काढायची आणि सौदा पक्का करताना हात जरा घट्ट दाबायचा. तू परत येशील. त्याला संध्याकाळी ताप भरेल."

राजा भद्रसेन तिथेच बसला होता. तो म्हणाला, "एक माणूस गेला की तीस हजार आपापल्या घरी जातील. एकापायी सगळं नगर मरायचं, की नगरापायी एक? आणि तो काही साधू नाही, सार्थवाह. तुझ्या भावाला विचार."

नंदिक म्हणाले, "महाराज, माझ्या आजोबांच्या वेळी रानघोड्यांचा एक कळप आमच्या गावची शेतं खायचा. गावानं ठरवलं, पुढचा मोठा घोडा मारायचा, कळप आपोआप पांगेल. बाण चांगला बसला. घोडा पडला. आणि कळप पांगला नाही, उधळला. उभा गावातून गेला. आजोबा सांगायचे, तोपर्यंत आमची नुसती शेतंच जात होती."

"घोड्यांच्या गोष्टी घोड्यांना सांग," पिंगलक म्हणाले. "माझ्या नगरातल्या बाया रोज मला विचारतात, आज पाणी किती घ्यायचं. त्यांना तुझ्या आजोबांचं काय सांगू?"

नंदिकांनी अंगठी उचलली. "आजपासूनच घाल," अमात्य म्हणाले, "नवी अंगठी डोळ्यात भरते." अंगठी घट्ट होती. बोटात रुतूनच बसली.

घरी वहिनीला काही सांगावं लागलं नाही. नगरात भिंतींना कान असतात, आणि विधवेच्या घराला तर दोन जास्त. माधवीनं जळत्या घरातून वाचवलेल्या पेटीतून नवऱ्याचा शेला काढला, कुसुंबी काठाचा. धनकांनी याच शेल्याखाली वीस वर्षं सौदे केले होते.

"भाऊजी, दुसरा शेला नेऊ नका," ती म्हणाली. "जे व्हायचं ते याच्याखाली होऊ दे."

पाचव्या दिवशी बारा घोडे आणि म्हातारा मोतद्दार रेवत यांना घेऊन नंदिक उतारावर आले. नदीला कमरेइतकं पाणी होतं. पलीकडून शूरदामाचे चार सैनिक पाण्यात उतरले आणि घोडे धरू लागले. त्यांतल्या एकानं पांढऱ्या घोड्याची दोरी हातात घेतली आणि सहज विचारलं, "शेट, याची खोड काय?"

"कानाला हात लावू देत नाही," नंदिक म्हणाले.

"बरं झालं सांगितलंत," सैनिक म्हणाला, "मी तिथंच धरणार होतो."

एवढंच बोलणं. पण नदी ओलांडेपर्यंत ते नंदिकांच्या मनात घोळत राहिलं. चाळीस वर्षं घोड्याची खोड आपण आधी सांगत आलो, आणि आज एक खोड लपवून निघालो आहोत. तीही घोड्याची नाही, आपल्याच हाताची.

पलीकडे जळलेलं गाव होतं; सैनिक घोडे घेऊन पुढे गेले. नंदिक भावाच्या घरापाशी थांबले. भिंती पडल्या होत्या, चूल तेवढी शाबूत होती. ते चुलीपाशी बसले. शूरदामावरचा राग गेला नव्हता. तो जावा म्हणून ते बसलेही नव्हते. ते एवढंच बघत होते की हा राग आपल्याला कुठे नेतो आहे. मग त्यांनी बोटाला ओली माती चोळली, मोठ्या कष्टानं अंगठी काढली, चुलीखाली हातभर खड्डा करून पुरली आणि वर दगड ठेवला.

"मालक," रेवत म्हणाला, "अमात्य विचारतील."

"विचारतील, रेवतबाबा."

"आणि वहिनीबाई?"

नंदिक उठले. राग बरोबर घेऊनच उठले, आणि छावणीकडे निघाले.

शूरदाम पन्नाशीचा, बुटका, एका पायानं लंगडणारा होता. तो घोड्यावरून उतरला, आधी स्वतःच्या हातानं घोड्याच्या पोटाखालचा तंग सैल केला, आणि मग बसायला आला. त्याच्यामागून त्याचा पुतण्या चंडदत्त आला. लगाम असा ओढत आला की घोड्याच्या तोंडातून रक्त येत होतं. घोडेव्यापारी माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघतो. नंदिकांनी दोघांनाही पाहून घेतलं.

चंडदत्त आणि इतर सरदार दहा पावलांवर थांबले. शेला पडला. शेल्याखाली शूरदामानं हात धरला. भाव न दाबता त्यानं अंगठा नंदिकांच्या बोटांवरून सावकाश फिरवला आणि एका बोटाशी थांबला. तिथे अंगठीचा वळ अजून खोल होता.

"इथं अंगठी होती," शूरदाम हळू आवाजात म्हणाला.

"होती."

"कालपर्यंत."

"आज सकाळपर्यंत."

शूरदामाचा चेहरा हलला नाही. दहा पावलांवरून बघणाऱ्याला वाटावं, भाव चाललाय. "तुझ्या राजाच्या जागी मी असतो, तर मीही हेच केलं असतं. आहे कुठे ती?"

"उताराजवळच्या गावात. माझ्या भावाच्या चुलीखाली."

हाताची पकड क्षणभर सुटली. सेनापतीनं हात काढून घेतला असता तर पुढे काय झालं असतं हे नंदिकांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यानं तो काढला नाही.

"ते गाव माझ्या हुकमानं जळलं," शूरदाम म्हणाला. "मग टोचायची होतीस."

"चार दिवस तेच मनात होतं. खोटं कशाला बोलू? पण आमच्या धंद्यात खोड लपवून विकायची नाही, असा नियम आहे. शेल्याखाली हात देणं म्हणजे हात स्वच्छ आहे असं सांगणं. आज मी तो विटाळला तर उद्या गोदेच्या दोन्ही काठांना कुणी कुणाला हात देणार नाही. मग बोलायचं कशानं? गावं जाळूनच बोलायचं. आणि दुसरं असं की तुम्ही उतरल्यावर घोड्याचा तंग सैल केलात. तुमच्यामागे जो उभा आहे त्यानं केला नाही. तुम्ही गेलात तर सैन्य त्याच्याकडे जाईल. माझ्या नगराशी मी असा सौदा करणार नाही."

शूरदामाच्या ओठांवर काहीतरी हललं. हसू म्हणता आलं नसतं. "मलाही घरी जायचंय, व्यापारी. पण रिकाम्या हातानं गेलो तर माझा राजा माझं डोकं ठेवणार नाही."

"लढाई कशासाठी होती?"

"उतारासाठी."

"उतार उघडला तर?"

शूरदाम म्हणाला, "तीन महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नाही."

"आम्हालाही," नंदिक म्हणाले.

शेल्याखाली शूरदामानं पाच बोटं दाबली, मग पुन्हा पाच. दहा दिवसांत सैन्य हलेल. नंदिकांनी चार दाबली. विहिरी चारच दिवसांच्या राहिल्या होत्या, पण ते त्यांनी सांगितलं नाही. व्यापारी खोड सांगतो, गरज सांगत नाही. बोटं पुढेमागे होत राहिली.

"काका," चंडदत्त लांबून म्हणाला, "बारा घोड्यांना एवढा वेळ?"

"घोडे चांगले आहेत," शूरदाम म्हणाला, आणि एक बोट सोडलं. सातावर सौदा पक्का झाला. पाण्याचे हाल होणार होते, पण सात दिवस निभावता येणार होते. "आणि तुझ्या राजानं उतार उघडला नाही तर?"

"तर सातव्या दिवशी मी इथं येऊन बसेन. अंगठीशिवाय."

नगरात पिंगलक वेशीवरच उभे होते. "ताप भरला का त्याला?"

"नाही. त्याला घर आठवलं."

राजासमोर अमात्यांचा तोल गेला. हा राजद्रोह आहे म्हणाले, भावाची चाड नसलेला माणूस म्हणाले. नंदिकांनी सगळं ऐकून घेतलं.

"महाराज, तो तलवार उपसून भिंतीवर चढला तर आपले धनुर्धर तिथं उभे आहेत. त्यांना खाली उतरा असं मी म्हटलेलं नाही. पण विश्वासानं पुढे केलेल्या हातात काटा रोवायचा, हे वेगळं. आज मी ते केलं असतं, तर उद्या आपल्याकडे कुणी घोडा विकायला आला असता तेव्हा आपण त्याला हात दिला असता का?"

भद्रसेनानं नकळत आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उतार उघडल्याची दवंडी दिवस मावळायच्या आत फिरली.

"आणि तो परत आला तर?" पिंगलकांनी विचारलं. ते भांडायला विचारत नव्हते, त्यांना खरंच भीती वाटत होती.

"येईलही," नंदिक म्हणाले. "तेव्हा पुन्हा शेला टाकू."

सातव्या दिवशी सैन्य हललं. जाताना शूरदामानं चाळीस गाड्या बांबू जळलेल्या गावात उतरवून ठेवले. कुणाला काही सांगितलं नाही. बांबूंनी मेलेली माणसं उठत नाहीत, हे त्यालाही माहीत असावं.

नंदिकांनी शेला वहिनीला परत दिला. माधवीनं तो उलटून पालटून पाहिला. महिनाभर ती दिराशी बोलली नाही. पुढे उतारावरून पहिला तांडा आला, त्या सकाळी तिनं शेला झटकला, उन्हात घातला आणि म्हणाली, "भाऊजी, बाजाराला हाच न्या. यांचा हात याच्याखाली कधी मळला नव्हता."

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, जेतवनात सांगितली. तिला कारण झाला उत्तिय नावाचा भिक्खू. दीक्षेआधी तो राजाचा धनुर्धर होता. परक्या सेनापतीला वेळीच गुपचूप संपवलं तर हजारो जीव वाचतात, असं तो सकाळपासून आपल्या सोबत्याशी, सुभूत भिक्खूशी, वाद घालत होता. गोष्ट संपली तरी त्याचं समाधान झालं नाही.

"पण भगवन," तो म्हणाला, "तो शूरदाम मेला असता, तर वाईट ते काय झालं असतं?"

"ते तुलाच विचारायला हवं, उत्तिय," शास्ते म्हणाले. "तो शूरदाम तूच होतास. बांबूच्या गाड्यांपासून इथवर यायला तुला पुष्कळ जन्म लागले. त्या दिवशी ताप भरला असता, तर ती वाट तिथंच तुटली असती."

उत्तियानं आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि खाली मान घातली.

"राजा भद्रसेन तो आज संघाला चीवर देणारा शेतकरी आहे. माधवी ती पलीकडच्या विहारातली वृद्ध भिक्खुणी. अमात्य पिंगलक म्हणजे तुझ्याशी सकाळपासून भांडणारा हा सुभूत. आणि नंदिक मी होतो."

मग शास्ते म्हणाले, "राग नसणं ही मैत्री नव्हे, भिक्खूंनो. राग बरोबर असताना हात स्वच्छ ठेवणं, ही मैत्री."