आखाजीआधी कुऱ्हाड नाही

पाहुणे, ती कुऱ्हाड खाली ठेवा. झाड तांबडं पडलंय खरं, पण मेलं असं आम्ही इतक्यात म्हणत नाही. मागे काळ्या खुंटांची ओळ दिसते ना, ती एकदा नीट बघा, आणि शेकोटीला दुसरं लाकूड शोधा.

ही सुईसारख्या पानांची चिडाची झाडं मूळची इथली नव्हेत. उत्तरेकडून आलेला एक बैरागी आम्हा गवळ्यांच्या ताकाला जागला आणि बिया देऊन गेला, असं सांगतात. "घरात लेकरू जन्मलं की एक बी लावा. झाड उभं तोवर लेकरू उभं," असं म्हणाला म्हणे. तेव्हापासून वस्तीतल्या प्रत्येकाचं या टेकडीवर एक झाड असतं.

मग एका पौषात असं हीव पडलं की रांजणातल्या पाण्याचा दगड झाला. म्हशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. टेकडीवरची सगळी कोवळी झाडं तांबडी पडली आणि घरोघर पोरं तापाने फणफणली.

कारभारी उमाजीची एकुलती लेक चंद्री अंथरुणाला खिळली. उमाजी दुष्ट नव्हता हो. सागाच्या रानात वाढलेला माणूस तो. साग वाळला की बुडातून तोडायचा, पावसाळ्यात तो जोमाने फुटतो, एवढंच त्याला ठाऊक. नवा फुटवा येईल, पोर उठेल, म्हणून त्याने चंद्रीचं झाड स्वतःच्या हाताने तोडलं. दिवेलागणीच्या आत चंद्री गेली.

लोकांना वाटलं, तोडायला उशीर झाला म्हणून गेली. मग काय, घाईच उडाली. विनाशकाले विपरीत बुद्धी! टेकडीवर घाव वाजायचा आणि खाली वस्तीत रडं उठायचं.

त्या तांबड्या झाडांतलं शेवटी राहिलं सारजा नावाच्या विधवेच्या लखमाचं, तिच्या लेकाचं झाड. ती खोडाला मिठी मारून बसली. "माह्या लेकराच्या झाडाले हात लावू नोका, कारभारी! नख मारून पाहा, आतून हिरवं हाये. आखाजीपर्यंत थांबा. नाही फुटलं तं मीच तोडीन."

उमाजीने नखाने साल खरवडली. खरंच हिरवं होतं. मग तो चंद्रीच्या खुंटाकडे गेला आणि तिथली साल खरवडली. तिथेही हिरवंच होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लखमाच्या झाडाच्या शेंड्यांवर पांढरे कोंब आले आणि लखमा उठून ताक प्याला. खुंट मात्र फुटले नाहीत. चीड बुडातून फुटत नाही, हे तोवर कुणाला माहीतच नव्हतं. उमाजी मरेपर्यंत दर पावसाळ्यात त्या खुंटापाशी जाऊन बसायचा म्हणे.

आजही हीव पडलं की आखाजीपर्यंत या टेकडीवर कुऱ्हाड चढत नाही. यंदा फार पडलं. तुम्ही टेकून उभे आहात ना, ते माझ्या नातीचं झाड. ती खाली घरात निजली आहे, ताप अजून उतरलेला नाही, आणि शेंडेही अजून मिटलेलेच आहेत. हात काढा, बाबा.