मांत्रिकाच्या तीन आज्ञा

एका राज्यात, बरं का, पंडितांना तोटा नव्हता. खोड एवढीच, की एक विचारावे आणि त्यांनी दहा सांगावे. तिथला राजपुत्र सुकेतू शिकारीच्या नादात कालदंष्ट्र मांत्रिकाच्या सरोवरावर गेला आणि पायांपासून दगड होऊ लागला. मांत्रिकाने निरोप धाडला, "तीन उत्तरे लिहून द्या, राजपुत्र घेऊन जा. चुकेल तो शिळा होईल."

एकोणचाळीस पंडित गेले. काठावर एकोणचाळीस शिळा उभ्या राहिल्या. मग सुकेतूची धाकटी बहीण कुमुद्वती निघाली. सरोवराकाठी भाऊ कमरेपर्यंत दगड झाला होता. घरी तिला घास गिळवत नव्हता.

मांत्रिकाने पहिला ताम्रपट पुढे केला. "या सरोवराचे वर्णन कर." तळाला छिद्र असलेली वाटी त्याने पाण्यावर सोडली, ती बुडाली की वेळ संपली. कुमुद्वतीला हायसे वाटले. सरोवर कोणी खोदले, का खोदले, सारे तिला पाठ. ती लिहीत सुटली. तोच तिच्या पायांची बोटे गार पडली. पाऊल उचलेना.

कदंबावरची साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, तू विषय वाचलास. आज्ञा वाचलीस का?"

"सरोवराबद्दलच तर लिहिते आहे."

"एकोणचाळीस जणही हेच म्हणाले. वर्णन कर, एवढेच म्हटले आहे. का खोदले, हे त्याने विचारलेच नाही."

ते पान टाकून तिने नवे घेतले आणि डोळ्यांना दिसले तेवढेच लिहिले: हिरवट पाणी, चार पायऱ्या, त्यांतली एक फुटकी, काठाला लव्हाळी. वाटी बुडता बुडता शेवटचा शब्द उमटला. बोटांत ऊब आली.

दुसरा ताम्रपट. "सूर्य आणि पणती यांची तुलना कर." सूर्याची स्तोत्रे तिला तोंडपाठ, लेखणी तिकडेच धावू लागली. तिने हात आवरला. दोघांत सारखे काय, वेगळे काय, ते शेजारी शेजारी मांडले. उत्तर बरोबर उतरले, पण तोवर सुकेतू गळ्यापर्यंत दगड झाला होता. बोलता येईना, नुसता बहिणीकडे पाहत होता.

तिसरा ताम्रपट. "माझ्या कारभाराचे मूल्यमापन कर."

शिव्या द्याव्यात तर हा भावाला मारेल. स्तुती करावी तर ते खोटे. तिने वर कदंबाकडे पाहिले.

"दोन्ही बाजू तोल," साळुंकी म्हणाली. "मग निकाल दे. निकाल टाळलास, तर तोलणे फुकट."

कुमुद्वतीने लिहिले: याने सात गावांना पाट काढून दिले, दुष्काळात एकही जनावर मेले नाही. हे लिहिताना तिला स्वतःचाच राग आला, पण ते खरे होते. याने एकोणचाळीस माणसांना दगड केले, हेही लिहिले. निकाल तेवढा राहिला. वाटी काठोकाठ आली होती. तरी तिची लेखणी थांबली नाही: "पाणी दिलेस, ते मोठे काम. पण तुझ्या धाकाने जनावरे पितात तेवढीच, माणसे त्या पाण्याला हात लावत नाहीत. तुझा कारभार वाईट."

मांत्रिकाने वाचले.

"शंभर वर्षे लोक मला शिव्या देतात, नाहीतर पाया पडतात," तो म्हणाला. "कोणी नीट तोललेच नव्हते. खरा निकाल ऐकेपर्यंत या जादूतून माझीही सुटका नव्हती."

त्याची जादू गळून पडली. उरला एक साधा म्हातारा. शिळा हलल्या. सात गावांनी त्याच दिवशी घागरी भरल्या. पंडित जागे झाले आणि अर्धी राहिलेली उत्तरे वाचू लागले, पण कुमुद्वतीचे तिकडे लक्ष नव्हते. तिने भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता.

"कुमुद," सुकेतू म्हणाला, "पायांना फार मुंग्या आल्यात."

राजकन्या तिथेच पायरीवर बसली, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि चोळता चोळता ढसाढसा रडली.